पाक पातळ, आच मंद

कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात पाकाची परीक्षा दोन बोटांत होते. गुळांब्याला तार यायला हवी, चिक्कीला पाण्यात टाकलेल्या थेंबाची कडक गोळी व्हायला हवी. तार नाही तर पाक नाही, हे घरात न सांगताच शिकवले जाते. या लेखातला पदार्थ मात्र तार येण्याच्या कितीतरी आधी थांबतो. घट्ट, अर्धवट पिकलेले फळ गुळाच्या पातळ पाकात, उकळी न आणता, सावकाश मऊ करायचे. त्याच पाकात गार होऊ द्यायचे. आणि दुसऱ्या दिवशी चक्क्याबरोबर वाढायचे. तांबडा-पांढरा रस्सा आणि मटणाचे जेवण झाल्यावर पाहुण्यांना पुन्हा तुपातले काही नको असते. अशा वेळी एक गार, आंबटगोड फोड पुरते.

युरोपात हा गोडाचा जुना प्रकार आहे. ऑग्युस्त एस्कॉफिए या फ्रेंच बल्लवाचार्याने लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात असताना नेली मेल्बा या गायिकेच्या नावाने जो ‘पीच मेल्बा’ केला, त्याचा पाया पाकात शिजवलेले पीच हाच आहे. आपल्याला जवळचे उदाहरण मात्र क्युबातले. तिथे बिया काढलेल्या पेरूच्या वाट्या पाकात शिजवतात आणि चीजबरोबर खातात. पेरू मुळात उष्ण अमेरिकेतला. आपल्याकडे तो पोर्तुगिजांबरोबर आला. तेव्हा पेरू आणि पाक ही जोडी नवी नाही. कोल्हापुरात तिला फक्त चांगला गूळ मिळतो आणि चीजच्या जागी चक्का येतो.

मोरांब्याहून वेगळे काय?

मोरांबा, गुळांबा, मोरावळा यांचे काम फळ वर्षभर टिकवणे हे आहे. त्यासाठी शंभर भागांत ६५ ते ७० भाग साखर जावी लागते. इतक्या गोडीत बुरशीला आणि जंतूंना वापरायला पाणीच उरत नाही, म्हणून बरणी टिकते. पण त्याची किंमत फळ मोजते. ते आक्रसते, गच्च होते आणि त्याच्या स्वतःच्या चवीवर गोडी बसते.

आपल्याला फळ चार दिवसच टिकवायचे आहे. त्यामुळे पाक किती गोड असावा हे बरणी ठरवत नाही, फळ ठरवते. फळ तापले, साधारण साठ अंशांच्या पुढे गेले, की त्याच्या पेशींची आवरणे निकामी होतात. मग आतले पाणी आणि साखर बाहेर, बाहेरची साखर आत, अशी देवघेव मोकळी सुरू होते. नुसत्या पाण्यात फळ शिजवले तर त्याची गोडी पाण्यात जाते आणि हातात पांचट फोड उरते. फार दाट पाकात टाकले तर साखर आत शिरण्याआधीच पाणी भराभर बाहेर पडते आणि फोड सुरकुतते. या दोन्हींच्या मधला, फळापेक्षा थोडा जास्त गोड असा पाक हवा.

हे आकड्यांत पाहू. पेरूत शंभर ग्रॅमला साधारण ९ ग्रॅम साखर असते. पाऊण लिटर पाण्यात पाव किलो गूळ विरघळवला की एक किलो पाक होतो आणि त्यात शंभराला साधारण २२ भाग साखर येते. या पाकात ६०० ग्रॅम पेरू टाकला आणि रात्रभर देवघेव होऊ दिली, तर दोन्हीकडची गोडी १७ च्या आसपास येऊन थांबते. म्हणजे पेरूची गोडी जवळजवळ दुप्पट होते, तरी तो पेरूच राहतो. हे एकास तीन प्रमाण लक्षात ठेवले तर बाकीचे सारे त्याच्याभोवती बसवता येते.

फळ कोणते घ्यावे

पिकून मऊ झालेले फळ इथे चालत नाही. पिकलेला आंबा, चिकू, पपई ही तशीच खायची फळे. पाकात त्यांचा लगदा होतो. ज्या फळाला दाबले तर जरासे दबते पण बोट उमटत नाही, वास आला आहे पण गर अजून करकरीत आहे, ते फळ या कामाचे. मंडईत टोपलीच्या तळाशी राहिलेले, चवीला थोडे कमी पडलेले घट्ट फळ इथे खरे कामाला येते, कारण त्याला जे कमी पडते तेच पाक देतो.

पावसाळा सरता सरता आणि हिवाळ्यात कोल्हापुरात पेरू भरपूर असतो, म्हणून मुख्य कृती त्याचीच देतो. पांढऱ्या गराचा पेरू गुळात सोनेरी-तपकिरी होतो. गुलाबी गराचा विटकरी होतो आणि त्याचा वास जास्त टिकतो. उत्तरेकडून येणारी नासपती हे दुसरे चांगले फळ. तिच्यातही बब्बूगोशा म्हणून मिळणारी मऊ जात लवकर शिजते. कडक, करकरीत जातीला दुप्पट वेळ लागतो. अननसाला आठ-दहा मिनिटे पुरतात. राजेळी केळी पिवळी पण टणक असतील तर जाड काप करून पाच-सात मिनिटे. सफरचंद मात्र लहरी. काही जाती टिकतात, काहींचा गर पाहता पाहता फुटतो. म्हणून त्याच्या मोठ्या फोडी ठेवून सतत लक्ष द्यावे.

गूळ

गुळाची निवड करण्याची चैन या शहराला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली आणि ती गुळाच्या व्यापारावर वाढली. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. दिवाळीच्या सुमाराला नवा गूळ बाजारात येऊ लागतो, नेमका पेरूच्या हंगामात.

दुकानात पिवळाधमक गूळ डोळ्यांत भरतो. पण तो पिवळेपणा अनेकदा रस कढवताना टाकलेल्या हायड्रॉस नावाच्या रसायनाचा असतो. या पदार्थाला गडद, तांबूस-तपकिरी, बिनरसायनी गूळ घ्यावा. त्याला उसाच्या रसाचा खमंगपणा असतो आणि पातळ पाकातही तो जाणवतो. घेण्याआधी खडा जिभेवर ठेवून पाहावा. गूळ किंचित खारट लागला तर कृतीतली मिठाची चिमूट गाळायची.

गुऱ्हाळावर आणि आपल्या शेगडीवर होणारी कामे एकमेकांच्या उलट आहेत, हे समजून घेतले तर आच सांभाळणे सोपे जाते. गुळव्या काहिलीतला रस उकळवत नेतो. १०५ अंशांच्या आसपास काकवी काढता येते आणि ११८ च्या आसपास गुळाचा पाक होतो. त्याची खूण तो थेंब गार पाण्यात टाकून, गोळी वळून पाहतो. त्याला पाणी घालवायचे असते. आपण तोच गूळ पुन्हा पाण्यात सोडतो आणि फळ त्यात असेपर्यंत ९० अंशांच्या वर जाऊ देत नाही. घरात काकवी असेल तर तीही चालते. एक वाटी काकवीला दोन वाट्या पाणी घ्यावे आणि गोडी चाखून जुळवावी.

साहित्य

मध्यम आकाराचे पाच-सहा घट्ट पेरू (साल आणि बिया काढून साधारण ६०० ग्रॅम गर), पाव किलो गूळ, पाऊण लिटर पाणी, एका लिंबाचा रस आणि सालीची एक पट्टी, चार वेलदोडे, बोटभर दालचिनी, पाच-सहा मिरे, मिठाची चिमूट. वेलदोडे फक्त ठेचायचे. पूड घातली तर पाक गढूळ होतो आणि फोडींवर काळे ठिपके बसतात. लिंबाच्या सालीचा आतला पांढरा भाग खरवडून टाकावा, नाहीतर कडू उतरतो.

भांडे स्टीलचे, रुंद आणि बसक्या बुडाचे. फोडी एका थरात मावल्या पाहिजेत. लोखंडी कढई किंवा कल्हई गेलेले पितळी पातेले नको. लिंबाच्या आंबटाने धातूची चव उतरते. ॲल्युमिनियमही टाळावे.

कृती, सावकाश

पेरूची साल पातळ काढावी, उभे दोन भाग करावेत आणि चमच्याने बियांचा गाभा कोरून घ्यावा. हातात छान वाट्या येतात. कापलेला पेरू, आणि त्याहूनही नासपती, हवेत लगेच तांबूस पडते, म्हणून वाट्या लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकत जाव्यात. लिंबाच्या रसापैकी अर्धा इथे वापरावा.

बियांचा गाभा आणि साली टाकू नयेत. पेरूचा सगळ्यात जास्त वास तिथेच असतो. त्या पाऊण लिटरपेक्षा थोड्या जास्त पाण्यात दहा मिनिटे उकळाव्यात आणि न दाबता गाळून घ्याव्यात. दाबले तर पाणी गढूळ होते. हे सुगंधी पाणी पाऊण लिटर भरेल असे पाहावे. पाकासाठी तेच वापरायचे.

आता त्यात चिरलेला गूळ घालून विरघळू द्यावा आणि एकदा खळखळून उकळी आणावी. यानंतर फळ पाकात असेपर्यंत पुन्हा उकळी येऊ द्यायची नाही. वर फेस आणि मळी जमेल ती झाऱ्याने काढावी. गुऱ्हाळावर हेच काम भेंडीच्या चिकट रसाने करतात; त्याने मळी धरून वर येते. आपल्या एवढ्याशा पाकाला झारा आणि मग दुहेरी मलमलचे फडके पुरते. गुळात वाळूचा कण, चिपाडाचा धागा असतोच, तेव्हा गाळण्याचा कंटाळा करू नये.

गाळलेला पाक पातेल्यात परत घेऊन त्यात उरलेला लिंबाचा रस, साल, वेलदोडे, दालचिनी, मिरे आणि मीठ घालावे. लिंबू इथे चवीपुरते नाही. आंबट पाकात फळाच्या पेशींना जोडणारे दुवे उशिरा सुटतात, त्यामुळे फोड मऊ होते पण आकार धरून राहते. पेठा करणारे कोहळा चुन्याच्या निवळीत भिजवतात, तेही आकारासाठीच. चुन्यातले कॅल्शियम फळातल्या पेक्टिनला बांधून ठेवते. पेरू मुळातच घट्ट असल्याने त्याला निवळीची गरज नाही.

पाक गरम असतानाच पेरूच्या वाट्या अलगद सोडाव्यात. त्या वर तरंगतात, कारण फळाच्या गरात हवा असते. तरंगणारी बाजू पाकाबाहेर राहून कच्ची आणि काळपट होते. त्यावर उपाय म्हणजे पातेल्याच्या तोंडाएवढा बटर पेपर गोल कापून, मधे एक भोक पाडून, थेट फळावर ठेवायचा. कागद फळाला ओले आणि बुडलेले ठेवतो, भोकातून वाफ जाते. कागद नसेल तर एक हलकी ताटली उलटी ठेवावी. वर घट्ट झाकण मात्र नको. झाकणाखाली पाक नकळत उकळू लागतो.

आच

पदार्थ बिघडतो तो इथे. फळाला आकार देणारे पेक्टिन ८५ अंशांच्या पुढे झपाट्याने सुटू लागते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे इथे साधे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. तरीही उकळी ही उकळीच. बुडबुडे फोडींना एकमेकांवर आपटतात, कडा झिजतात, आणि बाहेरचा भाग विरघळेपर्यंत आतला कच्चाच राहतो. आपल्याला ८० ते ९० अंशांच्या मधे राहायचे आहे.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही. पातेल्याच्या कडेला अधूनमधून एखादा बुडबुडा सुटतो, वर हलकी वाफ दिसते, पाकाचा पृष्ठभाग थरथरतो पण उसळत नाही, ही बरोबर आच. गॅसची सगळ्यात लहान शेगडी तरीही जास्त वाटली तर खाली जाड तवा ठेवून त्यावर पातेले ठेवावे. कुकरचा मोह टाळावा. त्यात तापमान १२० अंशांच्या जवळ जाते आणि शिट्टी होईपर्यंत पेरूची चटणी झालेली असते.

घट्ट पेरूला पंधरा ते वीस मिनिटे लागतात, कडक नासपतीला अर्धा तास किंवा थोडे जास्त. पण घड्याळापेक्षा सुरीवर विश्वास ठेवावा. बारा मिनिटांनंतर एका फोडीच्या जाड भागात बारीक सुरीचे टोक घालून पाहावे. टोक सहज आत गेले, पण अगदी शेवटी किंचित अडले, की गॅस बंद. पूर्ण मऊ होईपर्यंत थांबू नये, कारण गरम पाकात फळ पुढे शिजतच राहते. ते शेवटचे अडणे गार होता होता निघून जाते.

मुरणे

पातेले तसेच, कागदासकट, गार होऊ द्यावे. या टप्प्याला कोणी फारसे महत्त्व देत नाही, आणि निम्मी चव याच टप्प्यात तयार होते. शिजताना फळ मऊ होते, पण गुळाचा आणि मसाल्याचा स्वाद गाभ्यापर्यंत जायला तास लागतात. वर दिलेला १७ चा आकडा गाठायला रात्र लागते ती यासाठीच. गार झाल्यावर काचेच्या भांड्यात, फळ पाकाखाली बुडेल असे ठेवून, फ्रीजमध्ये रात्रभर ठेवावे.

दुसऱ्या दिवशी फोडी बाहेर काढून पाक गाळावा आणि एकटाच उकळून निम्मा करावा. आता फळ त्यात नाही, त्यामुळे हवी तेवढी आच द्यायला हरकत नाही. पेरूचे पेक्टिन पाकात उतरलेले असते, म्हणून तो गार झाल्यावर चमच्याला धरेल इतका दाट होतो. गार झालेला पाकच फळावर ओतावा. गरम ओतला तर फळ पुन्हा शिजते.

लाल नासपती

युरोपात नासपती लाल द्राक्षमद्यात शिजवतात. रंग आणि आंबटपणा दोन्ही मद्यातून येतात. घाट उतरला की कोकणात हीच दोन कामे आमसूल करते. चार नासपतींना दहा-बारा आमसुले पुरतात. त्यांना मीठ लावलेले असते, म्हणून दोनदा धुऊन घ्यावीत आणि पाकात वेगळे मीठ घालू नये. इथे गूळ मात्र बाजूला ठेवायचा. गुळाच्या तपकिरीत आमसुलाचा लाल बुडतो. पाऊण लिटर पाण्याला पाव किलो साखरच घ्यावी. आंबटपणाही आमसूलच सांभाळते, म्हणून लिंबू नको. आमसुलाचा रंग आंबट पाकात लाल टिकतो, आणि रात्रभरात तो नासपतीच्या गरात बाहेरून आत सरकत जातो. कापल्यावर कडेला गडद आणि मधे फिकट दिसते. नासपती साल काढून, देठ ठेवून, अख्खी शिजवली तर ताटात ती उभी राहते. त्यासाठी बूड थोडे सपाट कापून घ्यावे.

वाढताना

अर्धा किलो दही फडक्यात बांधून पाच-सहा तास टांगले की चक्का मिळतो. श्रीखंडासारखी साखर त्यात घालायची नाही. दोन चमचे दाट केलेला पाक घालून फेटायचा, बस. बशीत चक्का पसरावा, त्यावर पेरूच्या दोन वाट्या, वरून पाक, आणि चंदगड-आजऱ्याकडचे काजू कोरडे भाजून भरडून. पेरूच्या वाटीत चक्का भरूनही देता येतो. तसा तो हाताने खाता येतो आणि मुलांना आवडतो.

नरसोबाच्या वाडीची बासुंदी घरात असेल तर तिच्याबरोबरही हे फळ चांगले लागते, पण एक काळजी घ्यावी. पाकात लिंबू आणि गूळ दोन्ही आहेत. गरम दुधाला त्याचा स्पर्श झाला तर ते फाटते. फोडी निथळून, पूर्ण गार करून, गार बासुंदीत आयत्या वेळी ठेवाव्यात.

बिघडले तर

फोडी सुरकुतल्या तर पाक दाट झाला होता. पाण्याचा शिडकावा देऊन, पाक पातळ करून त्या रात्रभर त्यात ठेवाव्यात. बऱ्याचशा फुलून येतात. फोडींच्या कडा विरघळल्या तर आच जास्त झाली. त्यांना परत आकार येत नाही, पण घोटून चक्क्यात मिसळल्या की चव वाया जात नाही. फळ पांचट लागले तर बहुधा पाण्याचे प्रमाण वाढले असते किंवा मुरायला वेळ दिला गेला नसतो. पाक थोडा आटवून आणखी एक दिवस ठेवावे.

हा पदार्थ फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकतो. बाहेर ठेवला तर दुसऱ्याच दिवशी फसफसतो, कारण इतक्या कमी गोडीत जंतू मजेत वाढतात. वर्षभर टिकवायचे असेल तर मोरांबाच करावा. फळे संपल्यावर भांड्यात पाक उरतोच. तो लिंबू आणि गार पाणी घालून सरबताला चालतो. आणि पेरूचा असेल तर तार येईपर्यंत आटवून पाहावा. बोटांची जुनी परीक्षा इथे उपयोगी पडते, कारण पेक्टिन, आंबट आणि गोडी एकत्र आली की गार झाल्यावर त्याची जेली होते, आणि चपातीबरोबर ती आठवडाभर पुरते.